हवामान: निरभ्र

"शेवटचा ढगाळ दिवस शोधतेय, सर," स्टुलावर उभी राहून ती म्हणाली.

मैदानाच्या कचेरीतल्या लोखंडी कपाटात सरांनी आपल्या सगळ्या धावपटूंच्या वह्या जपून ठेवल्या होत्या. पदकं मुली घरी नेत, वह्या सरांकडे राहत. तिच्या अठरा होत्या, वर्षाला एक. प्रत्येकीच्या पुठ्ठ्यावर सरांच्या अक्षरात तिचं टोपणनाव: सांडणी. उंटिणीसारखी न थकता धावते म्हणून. खातेपितेही तितकंच कमी, असं सर कौतुकानं सांगत.

पानावर पाच रकाने: अंतर, वेळ, नाडी, झोप, हवामान. पाचवा रकाना म्हणजे सरांचा शोध. मुलींना महिन्याचं काही विचारायचं म्हटलं की सरांची जीभ टाळ्याला चिकटे, आणि न विचारून भागत नसे. मग ठरलं, त्या दिवसांत मुलींनी 'ढगाळ' लिहायचं, एरवी 'निरभ्र'. एकाच दिवशी एकाच मैदानावर दोन मुलींवर ढग आणि तिघींवर ऊन कसं, असं एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं होतं. सर म्हणाले होते, "मैदान मोठं आहे साहेब."

तिनं वह्या टेबलावर आणून ठेवल्या. "काल डॉक्टरबाईंनी विचारलं, आपणहून शेवटची कधी आली होती? सर, मला माझी प्रत्येक शर्यत सेकंदासकट पाठ आहे. हे सांगता आलं नाही."

"त्यांना कशाला हवंय ते?"

"थांबलंय. कायमचं. छत्तिसाव्या वर्षी."

सरांनी उठून पंखा वाढवला. तिच्या कानशिलावरून घामाची धार लागली होती. आज ती एक पाऊलही धावली नव्हती.

"अगं, होईल सुरू. धावणाऱ्या बायकांचं असं होतंच."

"हेच मी अकरा वर्षं सांगत आले. आईला, सासूबाईंना, नवऱ्याला. धावणं थांबवलं की होईल सुरू. गेल्या वर्षी थांबवलं." तिनं पदरानं नव्हे, जुन्या सवयीनं बाहीनं कपाळ पुसलं. "डॉक्टरबाई म्हणाल्या, धावण्यानंच झालं असं मी म्हणणार नाही. पण दुकान आतून कधी रिकामं झालं ते कुणाला कळलंच नाही, कारण बाहेर 'बंद'ची पाटी आधीपासूनच लटकत होती. आणि ती पाटी बघून कुणी दार वाजवलं नाही."

सर टेबलावरच्या वह्यांच्या कडा जुळवू लागले.

"नवऱ्यानं मागची खोली रंगवून ठेवली होती, तीन वर्षांपूर्वी. काल रात्री जेवताना म्हणाला, इस्त्रीचं टेबल तिथे छान मावेल."

सरांनी चष्मा लावला आणि काहीतरी करायला हवं म्हणून आठवी वही पुढे ओढली. ती सर्वांत मळलेली होती. "ही मी नव्या मुलींना दाखवतो," ते अभ्यासक्रमातला धडा सांगावा तसं म्हणाले. "आदर्श वही म्हणून."

तिनं पानं उलटली. वर्षाच्या सुरुवातीला ढग विरळ झाले होते. मग निरभ्र, निरभ्र, निरभ्र. मध्ये एका ठिकाणी निळ्या शाईची गचाळ खाडाखोड, आणि तिच्या शेजारी टापटीप अक्षरात पुन्हा 'निरभ्र'. दोन महिन्यांनंतर सरांचा लाल शेरा: सलग सहा महिने निरभ्र! शाबास सांडणी, शरीर तयारीला लागलं.

"सापडली तारीख," ती खाडाखोडीवर बोट ठेवून म्हणाली. "हा शेवटचा ढग. मीच खोडला. तुमची शाबासकी जाईल म्हणून."

"मला वाटलं..."

"मलाही तेच वाटलं, सर. या शेऱ्याच्या आनंदात मी त्या दिवशी पाच किलोमीटर जास्त धावले होते."

नंतरच्या दहा वह्यांत सरांनी तो रकाना तपासलाच नव्हता. तपासण्यासारखं त्यात काही नव्हतं.

दारावर टकटक झाली. सतरा वर्षांची एक मुलगी, सरांची नवी आशा, बरगड्या मोजता येतील अशी, आपली वही छातीशी धरून आत आली. तिनं ती सरांपुढे उघडून ठेवली आणि शेऱ्याची वाट बघत उभी राहिली. सवयीनं सरांनी लाल पेनाचं टोपण काढलं. पाचव्या रकान्यात वरपासून खालपर्यंत निरभ्र. त्यांनी मागचं पान उलटलं. निरभ्र. त्याच्या मागचंही.

"चार महिने झाले, सर," मुलगी म्हणाली. मग टेबलावरची मळकी वही ओळखून तिच्याकडे वळली. "सांडणीताई, तुमचा विक्रम सहाचा आहे ना?"

तिनं आपली मळकी वही मिटली. ती सरांकडे बघत राहिली.

सरांनी पेनाला टोपण लावलं. एकदा घसा खाकरला, मग पुन्हा. तीस वर्षांत या खोलीत न उच्चारलेला शब्द त्यांनी कसाबसा ओठांपर्यंत आणला.

"बाळ, तुझी... पाळी... शेवटची कधी आली होती?"

मुलगी लाजेनं लालबुंद झाली. दोघांकडेही न बघता, फरशीकडे नजर लावून, मोठ्या माणसाची चूक सुधारावी इतक्या हळू आवाजात ती म्हणाली,

"सर, त्याला 'ढगाळ' म्हणतात."