अठरावं दार

कासार आळीतल्या अठरा जुन्या घरांपैकी एकच राखायचं होतं, आणि ते ठरवायला मालविका आली होती. कोरीव खांबांचं घर तिच्या मनात भरलं होतं. तिने त्याच्या दारातल्या दगडावर यंत्र टेकवलं. दगडात मुरलेल्या रांगोळ्या पडद्यावर उमटू लागल्या, दीडशे वर्षांतली एकेक सकाळ.

प्लेगच्या साथीच्या वर्षी दगड कोरा असणार, असं तिने धरून ठेवलं होतं. तेव्हा सगळी आळी गावाबाहेर झोपड्यांत राहायला गेली होती. पण दारात रोज एक कमळ होतं, एक पाकळी जरा वाकडी. शेजारच्या दारातही तेच, आणि पुढे तपासलेल्या प्रत्येक दारातही. तिच्या अंगावर काटा आला. सतरा बंद घरांपुढे, पाच महिने, एकाच हाताचं कमळ!

"कुणीतरी बाई मागे राहिली असणार," तिच्यासोबत फिरणारे, आळीतच जन्मलेले काशिनाथकाका म्हणाले.

उरलं होतं कोपऱ्यातलं ठेंगणं, दोन खणांचं घर. तिथे साथीआधी वर्षानुवर्षं तीच वाकडी पाकळी होती. साथीत मात्र दगड कोरा.

"स्वतःच्याच दारात नाही काढली?"

काकांनी कोऱ्या दगडावरून हात फिरवला. "सुतकात आपल्या दारी रांगोळी घालत नाहीत, पोरी. घरातले एकामागून एक गेले असतील, तिचं सुतक पाच महिने फिटलंच नसेल."

मालविकाने त्या दारापुढे चपला काढल्या आणि ठेंगण्या घराचा नंबर लिहिला.