खव्यावरचा पेपर

भूम तालुक्यातला खवा उन्हाळ्यात लवकर का बिघडतो, यावर श्रावस्तीनं दोन वर्षं काम करून पेपर लिहिला. तिची बढती याच पेपरवर अडली होती. तिनं तो एका जर्नलला पाठवला.

महिन्याभरानं तिच्याच कॉलेजचे विभागप्रमुख गपाट सर एक प्रिंटआउट घेऊन आले.

"मॅडम, जर्नलनं हा पेपर तपासायला मला धाडलाय. लेखकाचं नाव झाकलंय. मला लई कामं हायत. तुम्हीच वाचून अभिप्राय लिहा, मी सही करतो."

पहिलं पान बघूनच श्रावस्ती दचकली. "सर, हा तर माझाच पेपर आहे!"

"मग तर बरंच झालं. तुमच्याइतकं बारकाईनं दुसरं कोण वाचणार?"

तिला लाज वाटली. कुणी पक्षपात म्हणू नये म्हणून तिनं स्वतःच्याच दोन चुका शोधून लिहिल्या. सरांनी कागद घेतला, खाली स्वतः एक ओळ लिहून सही केली आणि जर्नलला पाठवून दिला.

आठवड्यानं श्रावस्तीला जर्नलचं पत्र आलं. "पेपर छापू. मात्र दोन चुका सुधारा आणि परीक्षकांच्या सूचनेनुसार डॉ. गपाट यांच्या नऊ पेपरांचा संदर्भ जोडा."



सरांचे नऊच्या नऊ पेपर चिंचेवर होते.