मागचं डावं दार

आई गेल्यापासून गाडीच्या डॅशबोर्डवर 'मागचं डावं दार उघडं' असा इशारा सारखा यायचा. मेकॅनिकनं सर्व्हिसिंग केलं, दाराचा सेन्सर बदलला आणि तो इशाराही पुसून टाकला.

"आता कटकट मिटली, काका."

घरी परतताना लेक बाबांच्या शेजारी बसली होती. वळणावर इशारा पुन्हा लागला. बाबांना हसू आलं. लेकीला पुढे बसवून आई कायम तिच्या मागे बसायची, आणि दार लावताना तिचा हात भारी हलका.

"अगं, जरा जोरात ओढून घे," ते सवयीनं बोलून गेले.

धावत्या गाडीत दार उघडल्याचा वारा मानेला लागला. मग दार नीट, जोरात बंद झालं. इशारा विझला.

लेकीनं मागे वळून पाहिलं नाही. मागे पाय पसरता यावेत म्हणून तिनं आपली सीट थोडी पुढे सरकवली.