दोन अंगठे

दंडातली गर्भरोधक चकती बंद करायची तर यंत्रावर दोन अंगठे लागत, बाईचा आणि नवऱ्याचा. शर्वाणीने आपला उजवा अंगठा टेकवला.

"मिस्टर बाहेरच बसलेत ना? बोलवा की," नर्स मांढरेबाई म्हणाल्या.

"नाही बोलवणार. मूल आम्हा दोघांनाही हवंय, पण दंड माझा आहे. सातवीत शाळेत रांगेत उभं करून चकती बसवलीत, तेव्हा कोणाचा अंगठा घेतलात?"

मांढरेबाईंचा हात नकळत स्वतःच्या दंडावर गेला. त्यांनी दार लोटून घेतलं.

"यंत्र नुसते दोन अंगठे मोजतं," त्या हळूच म्हणाल्या. "कोणाचे, ते त्याला कळत नाही."

शर्वाणीने डावा अंगठा टेकवला.

"चकती बंद झाली," यंत्र म्हणालं. "दोघांचंही अभिनंदन."