थेंबांची बाटली

"बाबा, थेंब घातले का?"

कॉम्प्युटरवरच्या गाड्यांच्या शर्यतीत मला हरवलं, की माझी सून शाल्मली डोळ्यांच्या थेंबांची बाटली माझ्या कीबोर्डपाशी सरकवायची. मोतीबिंदूचं ऑपरेशन कधीच झालं होतं, नजर लख्ख होती. तरी वळणावर रस्ता झटके देत पुढे यायचा आणि माझी गाडी कठड्यावर! मी म्हणायचो, दोष मॉनिटरचा आहे. ती नुसती हसायची.

शेवटी तिला घेऊनच दुकानात गेलो.

"काका, तुमच्या वयाला साठ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठ चित्रं दाखवणारा, भरपूर झाला," सेल्समन म्हणाला. "एकशे चव्वेचाळीसचा फरक तुम्हाला कळायचाही नाही."

"दोन्हींवर एकच शर्यत लाव. आणि आकडे झाक."

त्याने दोन्ही मॉनिटरवरच्या हर्ट्झच्या आकड्यांवर कागद चिकटवले. दोन्ही पडद्यांवर तीच लाल गाडी वळणावरून गेली. उजवीकडे ती अडखळत, अंधुक शेपूट ओढत गेली. डावीकडे मला तिची नंबरप्लेट दिसली, आणि मी ती अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशी वाचली.

सेल्समनने डावीकडचा कागद उचलला. एकशे चव्वेचाळीस.

त्याच संध्याकाळी तो मॉनिटर माझ्या टेबलावर लागला. ज्या वळणावर मी रोज आपटायचो, तिथेच आतल्या बाजूने गाडी काढली आणि शाल्मलीला मागे टाकलं.

"बाबा, तुम्ही कुठून आलात? मला दिसलाच नाहीत!"

मी बाटली उचलून तिच्या कीबोर्डपाशी सरकवली.

"थेंब घाल, सूनबाई."