हाताला हात

"सगळ्याजणी दारातच थांबा," तुलसीराम म्हणाला आणि उंबऱ्यावर आडवा उभा राहिला.

भगवतीकाकू पंचामृताची वाटी घेऊन पायरीवर थांबली. तिच्या मागे बेटावरच्या प्लेन मान्येन गावातल्या मराठी मंडळीतल्या सात-आठ बाया, हातात आरतीचं ताट आणि झेंडूचे हार. तुलसीरामची बायको कुंती सुखरूप परत यावी म्हणून देवळात बोललेली पूजा आज सकाळीच झाली होती. कुंती कालच्या विमानाने लंडनहून आली होती, पोटात दुसऱ्या कुणाचं तरी लिव्हर घेऊन.

"आयो! आपल्याच माणसांना दारात उभं करतोस?" काकू म्हणाली. "चार महिने विलायतेत राहून साहेब झालास काय रे?"

बाया हसल्या. तुलसीराम हसला नाही. सांगून सांगून तो थकला होता. शेजाऱ्याला सांगितलं, सख्ख्या भावाला सांगितलं. नवीन लिव्हर शरीराने झिडकारू नये म्हणून तिला आता जन्मभर गोळ्या. त्या गोळ्यांनी रोगाशी झगडायची ताकदच मरते. म्हणून कच्चं दूध नको, फुलं नकोत, गर्दी नको. आणि ताप आला तर तो साधा समजायचा नाही.

"पण बरी झाली ना आता ती?"

"हे ऑपरेशन अजून नवंच आहे. दहातले सहा-सात जण पहिलं वर्ष काढतात, असं डॉक्टर म्हणाले. वर्ष निघू दे, काकू. मग बरी म्हणू."

काकू वाटीकडे बघत राहिली. "माझ्या गाईचं दूध आहे, तुलसी. पहाटे काढलेलं." तिचा आवाज बारीक झाला. "तिच्यासाठी उपास धरले मी. आता देवाचं तीर्थ माघारी नेऊ होय?"

तुलसीराम दारातून हलला नाही.

आत खुर्ची सरकली. कुंती भिंत धरत आली. तोंडावर कापडाची पट्टी होती.

"तू कशाला उठलीस?"

"अहो, मी पुढे येत नाही. तुमच्या मागेच उभी राहते." दम घेऊन ती म्हणाली, "काकू, हे पूजेला बसले की मी यांच्या हाताला हात लावते. मला पोचतं ना ते?"

"पोचतं की. न पोचायला काय झालं?"

"मग तीर्थ यांना दे. मी हात लावते."

काकूने मागे वळून बायांकडे पाहिलं. कुणी नाही म्हणेना.

"बघा गो," काकू म्हणाली, "लिव्हरबरोबर डोकंपण नवं घालून आणलंन हिने!"

या वेळी सगळ्याच हसल्या. पट्टीच्या आड कुंतीही हसली आणि तिने पोट धरलं. "हसवू नका, टाक्यांना ओढ बसते."

तुलसीरामने उजवा तळवा पुढे केला. कुंतीने मागून त्याच्या कोपराला बोटं लावली. काकूने पळीभर पंचामृत घातलं. तो ते प्याला. गोड होतं, गाईच्या धारेचा वास होता त्याला. बायांनी आरती धरली आणि त्याच्या पाठीमागे कुंतीही हळूच गुणगुणू लागली.

तिची बोटं ऊन होती.

आधी त्याला वाटलं, दारातलं ऊन असेल. पण ऊन त्याच्या तोंडावर होतं, ती सावलीत उभी होती. सकाळी गोळ्या देताना हीच बोटं गार लागली होती. तो मागे वळला नाही. आरती संपली. काकूने वाटी पदराखाली घेतली आणि बाया निघायला लागल्या.

तुलसीरामचा हात तसाच पुढे होता, कोपराला तिची ऊन बोटं.

"काकू," तो म्हणाला, "आणखी थोडं घाल."