माझ्या हातून पडलं गं!

कुंदाच्या हातातून झाकण निसटलं आणि फरशीवर गरगरत राहिलं.

"माझ्या हातून पडलं गं!" ती सवयीने ओरडली. पण खोलीत होतं कोण उत्तर द्यायला?

आधी ती राहायची त्या आधारगृहात सगळ्याच जणी नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या. भांडं आपटलं की जेवता जेवता हात थिजायचे. म्हणून तिथल्या ताईंनी शिस्तच लावली होती, जिच्या हातून पडेल तिने लगेच ओरडून सांगायचं. मग चहूकडून "बरं गं!" यायचं आणि पुन्हा जेवणं सुरू व्हायची.

आता स्वतःची भाड्याची खोली, आतून लावायची कडी, एकच ताट. याच खोलीसाठी किती धडपडली होती ती! पण संध्याकाळ झाली की खोली खायला उठायची. शेजारीपाजारी अजून कुणाची ओळख नव्हती.

"बरं गं," ती स्वतःलाच म्हणाली आणि झाकण उचललं.

तेवढ्यात भिंतीपलीकडे काहीतरी जोरात आदळलं. कुंदा कान देऊन उभी राहिली. शेजारीण काहीतरी बोलेल, निदान चुकचुकेल. पण पुरुषाचा दबका आवाज तेवढा आला, आणि पुन्हा काहीतरी आदळलं.

नवऱ्याच्या घरी असताना ती अशा वेळी दाराकडे बघत राहायची. भिंतीला भिंत लागून शेजार होता. कधी कुणी आलं नाही.

 तिने रिकामी वाटी घेतली, कडी काढली आणि शेजारचं दार धडाधडा वाजवलं.

"वहिनी, थोडं विरजण आहे का हो?"